आठवीतल्या लेकीचा निबंध, भगतसिंग थिंद आणि "आपला काय संबंध?"

ओसरीवरचा

मंडळी, घरगुती पेच आहे. चर्चा लांबली तरी हरकत नाही, फक्त २० तारखेच्या आत उरका, त्या दिवशी निबंध द्यायचाय.

आम्ही एडिसनला, न्यू जर्सीत. लेक आठवीत. फेब्रुवारीत इथल्या शाळांमधून काळ्या लोकांच्या इतिहासावर बरंच काही चालतं. यंदा तिच्या बाईंनी विषय दिलाय, 'तुमच्या घरच्या गोष्टीचा आणि नागरी हक्कांच्या लढ्याचा काय संबंध?' जेवताना तिने मला विचारलं. मी भाकरी मोडता मोडता म्हणालो, "आपला काय संबंध? आपण २००६ साली आलो, तेही कंपनीने तिकीट काढलं म्हणून."

ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी चार छापील पानं आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली. भगतसिंग थिंद. मला आपला क्रांतिकारक भगतसिंगच आठवला. हा दुसरा. अमृतसरकडचा शीख, १९१३ साली इकडे आला, पहिल्या महायुद्धात अमेरिकन फौजेत भरती झाला, पगडीसकट. नागरिकत्व मागितलं, मिळालं, काढून घेतलं, पुन्हा मिळालं. शेवटी प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १९ फेब्रुवारी १९२३ ला सगळ्या न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की हा माणूस 'गोरा' नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही.

इथपर्यंत ठीक. लेकीला वाटलं, सापडला आपला माणूस. पण त्याच पानांवर थिंदच्या बाजूचा युक्तिवाद होता: मी उच्चवर्णीय हिंदू (शीख असला तरी; तेव्हा इथे सगळ्याच हिंदुस्थानी लोकांना 'हिंदू' म्हणत), शुद्ध आर्य रक्ताचा, म्हणून गोरा. तिने विचारलं, "बाबा, हा हक्कांसाठी भांडत होता की बाकीच्यांपेक्षा वरचा ठरण्यासाठी?" मला उत्तर सुचलं नाही. म्हणून इथे आलो.

टिंग्या

पॉपकॉर्न घेऊन बसलो. 'आर्य' शब्द आलाय, धागा शंभरी गाठणार.

पेन्सिल

लेकीला माझ्याकडून शाबासकी. तिचा प्रश्न मोठ्या लोकांनाही सुटलेला नाही.

आधी तो कायदा काय होता ते बघू, म्हणजे थिंद असं का बोलला ते कळेल. १७९० च्या कायद्यात लिहिलं होतं की बाहेरून आलेला 'स्वतंत्र गोरा माणूस'च नागरिक होऊ शकतो. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांनाही तो हक्क दिला. म्हणजे दारं दोनच, एक गोऱ्यांचं आणि एक आफ्रिकी वंशाच्या लोकांचं. मधले सगळे, चिनी, जपानी, अरब, आर्मेनियन, आपण, कुठल्या दाराशी उभे राहणार? १८७८ ते १९५२ या काळात असे बावन्न खटले झाले. एक सोडून प्रत्येकात अर्जदार म्हणत होता, मी गोरा आहे. 'मी आफ्रिकी वंशाचा' म्हणणारा निघाला फक्त एक. यावरूनच कळतं, त्या दुसऱ्या दाराने आत जाऊन पुढे काय भोगावं लागतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

थिंदच्या तीनच महिने आधी ताकाओ ओझावाचा निकाल लागला. जपानी माणूस, वीस वर्षं अमेरिकेत, घरात इंग्रजी. म्हणाला, माझी कातडी बघा, गोरीच आहे. कोर्टाने सांगितलं, कातडीच्या रंगावर जाऊ नका, 'गोरा' म्हणजे 'कॉकेशियन' वंशाचा. बरं. थिंदच्या वकिलांनी तोच धागा पकडला. त्या काळचे वंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना कॉकेशियनच म्हणत. तर तेच न्यायाधीश, जॉर्ज सदरलँड, दुसऱ्या निकालात लिहितात की शास्त्र राहू दे बाजूला, सामान्य माणसाला जो गोरा वाटतो तो गोरा. तीन महिन्यांत पट्टीच बदलली. आणि हे सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले, लहानपणी आईबापांबरोबर इकडे आलेले!

नाना वाडीकर

म्हणजे आमच्या वाड्यातल्या मालकांसारखं. भाडं द्यायला गेलो की म्हणायचे तारीख टळली, तारखेला गेलो की म्हणायचे आज अमावास्या.

शून्यएक

इतिहास रंजक आहे, पण धागाकर्त्याचं पहिलं उत्तरच बरोबर होतं. आपला काय संबंध? आपल्यापैकी बहुतेक जण नव्वदनंतर आलो, शिक्षणावर आणि कष्टावर आलो. कुणी आरक्षण दिलं नाही, कुणी मोर्चा काढला नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या पंजाबी शेतकऱ्याचं ओझं आठवीतल्या मुलीच्या डोक्यावर कशाला?

ढगांखाली

शून्यएक, हे 'शिक्षणावर आलो' आमच्या मंडळाच्या गणपतीतही दरवर्षी ऐकतो, आरतीनंतर आणि प्रसादाआधी. :)

पेन्सिल

शून्यएक, तुम्ही ज्या व्हिसावर आलात त्याच्या मागे कायद्यांची एक साखळी आहे, तेवढी बघा. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा भाग 'बंदी पट्टा' ठरला, म्हणजे तिथल्या लोकांना इकडे यायलाच मनाई, त्यात हिंदुस्थान आला. १९२४ च्या कायद्याने उरलीसुरली फट बुजवली. १९४६ मध्ये ती किंचित उघडली. राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने सही केली आणि भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, पण वर्षाला कोटा किती? शंभर. सबंध देशाला शंभर. तुमची एमएस्सी, माझी एलएलएम सगळी त्या शंभरात बसवायची होती.

तो कोटा मोडला १९६५ मध्ये. आता साल बघा. १९६४ ला नागरी हक्क कायदा, ऑगस्ट १९६५ ला मतदान हक्क कायदा, ऑक्टोबर १९६५ ला इमिग्रेशनचा कायदा, त्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने सही केली ती स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी. संसदेच्या त्याच बाकांवर, त्याच हवेत झालेली ही कामं. ब्रुकलिनचे खासदार इमॅन्युएल सेलर यांचं नाव १९४६ च्या कायद्यावरही आहे आणि १९६५ च्याही. १९६४ चा नागरी हक्क कायदा ज्या समितीतून पुढे गेला तिचे अध्यक्षही तेच. बसमध्ये, कॅफेत वंशावरून भेदभाव चालणार नाही असं ठरल्यावर व्हिसाच्या खिडकीत तो कसा चालवायचा, हा प्रश्न त्या लोकांसमोर उभाच राहिला. अलाबामातल्या सेल्मामध्ये काळ्यांच्या मतदान हक्काच्या मोर्चात डोकी फुटली नसती तर तुमची गुणपत्रिका बघायला कुणी बसलं नसतं.

शून्यएक

पूर्ण सहमत नाही. तो कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात आपण नव्हतोच. नातेवाइकांना प्राधान्य देणारं कलम घातलं ते युरोपियन लोकच जास्त येतील या हिशेबाने. खुद्द जॉन्सन म्हणाला होता की हा काही क्रांतिकारक कायदा नाही. चुकून उघडलेल्या दारातून आत आलो, त्याचं ऋण कुणाचं मानायचं?

पेन्सिल

हा मुद्दा मान्य. हिशेब चुकला त्यांचा. युरोपियन आले नाहीत, आपण आलो, आणि मग बहिणी, भाऊ, आईवडील. पण दार चुकून एवढं उघडलं, तरी ते ढकलत कोण होतं हा प्रश्न उरतोच.

लेक मिशिगन

मी इथे फार लिहीत नाही, पण हे वाचून राहवेना. आम्ही १९६९ च्या नोव्हेंबरात शिकागोला उतरलो. हे डॉक्टर, एका सरकारी इस्पितळात लागले. मी बी.ए., साडी, वेणी आणि एक स्टोव्ह (तो विमानात कसा आणू दिला देव जाणे).

घर शोधायला निघालो. फोनवर 'रिकामी आहे', दारात गेलो की 'आत्ताच गेली'. तिसऱ्या वेळी मला कळलं, ह्यांना कळायला सहावी वेळ लागली. तेव्हा घर देताना वंशावरून भेदभाव करू नये असा कायदा नुकता झाला होता, १९६८ चा. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाल्यावर आठवड्याभरात संमत झालेला. शिकागोच्या पश्चिम भागात त्या वेळी जाळलेल्या दुकानांच्या भिंती आम्ही आलो तेव्हाही तशाच उभ्या होत्या. ह्यांच्या वॉर्डातल्या एका काळ्या नर्सबाईंनी आम्हाला पत्ता दिला. त्यांच्याच चर्चमधल्या कुणाची तरी वरची खोली. तिथे दोन वर्षं राहिलो, पोर तिथेच झालं.

आणि मग काय केलं? पैसे साठले तसे उपनगरात गेलो, आणि आपल्या लोकांच्या जेवणावळींमध्ये 'कल्लू' हा शब्द ऐकून हसू लागलो. मीसुद्धा. नर्सबाईंना नंतर एकदाही घरी बोलावलं नाही. आता त्या नाहीत.

१९७० च्या जनगणनेची गंमत सांगते. फॉर्मवर वंशाचे रकाने होते. त्यात 'इंडियन' होतं, पण ते इथल्या मूळच्या लोकांसाठी, आणि पुढे लिहिलेलं, जमातीचं नाव लिहा. हे म्हणाले, चला, आपली सोय झाली, देशस्थ लिहू का? शेवटी 'इतर' वर खूण केली. पुढे कळलं की वरती बसलेल्या लोकांनी आपल्या सगळ्यांना 'गोरे' मध्ये मोजलं. थिंद बिचारा जन्मभर भांडला, आम्ही न मागता एका कारकुनाच्या पेन्सिलीने गोरे झालो.

टिंग्या

देशस्थ जमात!! हसून हसून पुरेवाट. मावशी, कोकणस्थांनी काय लिहिलं असतं? 'गोरे'च, आणि डोळ्यांचा रंग वेगळ्या रकान्यात.

पेन्सिल

लेक मिशिगन, त्या 'पेन्सिलीशी' माझा संबंध नाही, आधीच सांगते. :) पण तुमच्या हकिकतीचा पुढचा भागही आहे. १९७० नंतर इथल्या काही भारतीय संघटनांनी मागणी केली, आम्हाला वेगळं मोजा, अल्पसंख्य म्हणून हक्क द्या. आणि तेव्हा आपल्यातल्याच काहींनी, त्यात शिकागोकडचेही होते, विरोध केला की कशाला उगाच लक्ष वेधून घ्यायचं, काळ्यांच्या वाट्याचं खाल्लं असं म्हणतील. मागणी मान्य झाली. १९८० पासून फॉर्मवर 'एशियन इंडियन' हा रकाना आला. १९२३ ला गोरे म्हणून घ्या म्हणत कोर्टात, १९७५ च्या सुमाराला गोरे म्हणू नका म्हणत दारात.

भीमथडी

धागा उशिरा पाहिला. मूळ प्रश्नाकडे जाऊ. 'हक्कांसाठी की वरचा ठरण्यासाठी?' पोरीने बरोबर नस दाबली आहे.

थिंदच्या बाजूने कोर्टात दिलेल्या कैफियतीत एक वाक्य आहे. त्याचा आशय असा, की उच्चवर्णीय हिंदू हिंदुस्थानातल्या आदिवासींकडे लग्नसंबंधांच्या बाबतीत ज्या नजरेने बघतो त्याच नजरेने अमेरिकन माणूस काळ्यांकडे बघतो. म्हणजे पुरावा कशाचा दिला? आम्हीही तुमच्याइतकेच विटाळ पाळतो, सबब आम्ही तुमचे. जात ही पात्रता म्हणून सादर केली! दोनच दारं होती हे पेन्सिल यांचं म्हणणं खरं आहे. पण दाराशी उभं राहून काय बोलायचं हे माणूस स्वतः ठरवतो.

याच्या उलट आपल्याकडे काय झालं बघा. जोतीरावांनी १८७३ मध्ये गुलामगिरी छापलं. अर्पणपत्रिका कुणाला? अमेरिकेतल्या त्या सज्जन लोकांना, ज्यांनी काळ्यांना गुलामीतून सोडवलं. पुण्यात बसून. थिंदच्या खटल्याच्या पन्नास वर्षं आधी. एकाने अमेरिकेकडे बघून म्हटलं, असं आमच्याकडेही व्हावं. दुसऱ्याने म्हटलं, आमच्याकडे तुमच्यासारखंच आहे.

नाना वाडीकर

भीमथडी, वाक्य जमलंय. पण एक तक्रार. जोतीरावांनी लिहिलं तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत काळे लोक मतदान करत होते, निवडून येत होते. १८७७ ला उत्तरेने हात काढून घेतले आणि पुढे नव्वद वर्षं सगळं उलटं फिरलं. अर्पणपत्रिकेतली मंडळी तेवढी सज्जन राहिली नाहीत.

भीमथडी

नाना, त्यात जोतीरावांचा दोष नाही, सज्जनांचा आहे. आणि ते उलटं फिरल्यानंतर जे शिल्लक होतं ते बाबासाहेबांनी डोळ्यांनी बघितलं. १९१३ ते १६ ते कोलंबिया विद्यापीठात होते, काळ्यांची वस्ती असलेलं हार्लेम लागूनच. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या काळ्या अमेरिकन विचारवंतांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या काळ्यांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला होता, त्याच्या दोन-तीन प्रती मागितल्या, अस्पृश्यांनीही असं काही करावं का हे डोक्यात होतं. डू बॉइसचं उलट उत्तर आलं, तुमचं नाव मला माहीत आहे, सहानुभूती आहे. दोघांनी एकमेकांना पंडित-बिंडित असल्याचे दाखले मागितले नाहीत.

आणि १९७२ ला मुंबईत दलित पँथर. ढसाळ, ढाले, ज. वि. पवार. नाव कुठून आलं? ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाकडून, तो १९६६ चा. कामाठीपुऱ्यापासून ओकलंडपर्यंत विमानाचं तिकीट न काढता पोचलेली माणसं ही. शाळेच्या निबंधाला यापेक्षा चांगला 'संबंध' कुठला?

ओसरीवरचा

भीमथडी, हे लेकीला वाचून दाखवलं. तिचा प्रश्न: "पण ते आपल्या घरचे आहेत का?" मी जरा अडखळलो. आमचं घराणं कुठल्या बाजूला होतं हे मला ठाऊक आहे. आजोबांच्या वाड्यात पाणी वरून ओतायचे.

भीमथडी

मग तेही लिहू दे की तिला.

कावळा

झालं सुरू. अमेरिकेच्या धाग्यावर जात. सिएटलवाले आले की नाही अजून?

ढगांखाली

आलो. :) सिएटलच्या नगर परिषदेने फेब्रुवारी २०२३ मध्ये भेदभावविरोधी कायद्यात 'जात' घातली, अमेरिकेतलं पहिलं शहर. कॅलिफोर्नियात तसं विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झालं आणि ऑक्टोबरात गव्हर्नर न्यूसम यांनी परत पाठवलं. आमच्या मंडळाचे तेव्हा दोन ग्रुप झाले, आणि दिवाळी फराळही दोन. चकली दोन्हीकडे मऊ होती.

कावळा

अशा कायद्याने प्रत्येक हिंदू नाव संशयित ठरतं. माझ्या मुलाला ऑफिसात कुणी जात विचारली नव्हती, आता विचारतील.

भीमथडी

कावळासाहेब, तुमच्या मुलाला विचारली नाही कारण आडनावातच उत्तर होतं.

संपादक

विषयाला धरून लिहावे. कॅलिफोर्नियाच्या विधेयकावर वेगळा धागा आहे, तो आधीच दोनदा कुलूपबंद केला आहे.

मोगरा७

मी फक्त वाचत होते. अवांतर आहे, पण पगडीचा विषय निघाला म्हणून. १९४७ साली जेसी रूटे नावाचे न्यूयॉर्कचे एक काळे पाद्री अलाबामातल्या मोबाइलला गेले. आधीच्या खेपेला तिथे फार अपमान झाला होता. या खेपेला जांभळी पगडी आणि झगा घालून गेले. लोकांना वाटलं, कुणी परदेशी पाहुणा. हॉटेलात बसवलं, जेवू घातलं. त्यांनी वेटरला विचारलं, इथे एखादा निग्रो जेवायला आला तर? उत्तर आलं, त्याला वाढणारच नाही.

आणि १९०७ साली वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमला पगडीवाल्या पंजाबी मजुरांना शेकडो गोऱ्यांनी झोपडीतून ओढून बाहेर काढलं आणि एका रात्रीत गावाबाहेर हाकललं. तिथे पगडीच ओळख ठरली. एकाच फडक्याची दोन गावांत दोन किमती.

टिंग्या

मोबाइल नावाच्या गावात रेंज नव्हती म्हणायची.

नाना वाडीकर

टिंग्या, तुला कुणी पैसे देतं का रे असले विनोद करायला?

पगडीवरून धोतर आठवलं. डॉ. लोहिया. मे १९६४, मिसिसिपीचं जॅक्सन. खासदार माणूस, कॅफेटेरियाच्या दारात अडवलं, पोलिसांच्या गाडीत घातलं. अमेरिकन सरकारने दिलगिरी व्यक्त केली, तर म्हणाले, माझी कशाला, स्वातंत्र्यदेवीची माफी मागा. आमचे एक समाजवादी काका ही गोष्ट दर रविवारी सांगायचे आणि दर रविवारी त्यात पोलीस वाढायचे. पण मूळ घटना खरी. आणि लोहियांना 'मी पाहुणा आहे' म्हणून सुटता आलं असतं. तो मार्ग त्यांनी घेतला नाही. कावळासाहेब नि शून्यएक, दोघांनाही विचारतो, आपण असतो तर पासपोर्ट दाखवला असता की नाही? मी दाखवला असता, खोटं कशाला बोलू.

शून्यएक

मीही. प्रामाणिकपणे.

पेन्सिल

थिंदची बाजू मांडायला मी परत आलेय, कारण तो एकटा खलनायक होऊन बसलाय.

निकालानंतर काय झालं ते बघा. सरकारने आधी दिलेली नागरिकत्वंही परत घ्यायला सुरुवात केली, पन्नासच्या वर माणसं. कॅलिफोर्नियात 'नागरिक होऊ न शकणाऱ्या' परदेशी माणसाला शेतजमीन घेता येत नसे, तो फास आता भारतीयांना लागला. सॅन फ्रान्सिस्कोचे वैष्णोदास बगई, दुकानदार, १९२१ चे नागरिक. नागरिकत्व गेलं, भारतभेटीसाठी अमेरिकन पासपोर्ट मिळेना, ब्रिटिश पासपोर्ट घ्या म्हणाले. ज्या ब्रिटिशांपासून पळून आले त्यांचाच. १९२८ मध्ये त्यांनी गॅस सोडून जीव दिला, वर्तमानपत्राला पत्र लिहून. त्यांच्या पत्नी कला बगई यांच्या नावाने आज बर्कलीत एक रस्ता आहे, त्याच बर्कलीत जिथे त्यांनी घर घेतलं तेव्हा शेजाऱ्यांनी आत शिरू दिलं नव्हतं.

आता आपल्या कुतूहलाची गोष्ट. थिंदसाठी काम करणाऱ्या वकिलांपैकी एकाचं नाव सखाराम गणेश पंडित.

टिंग्या

आँ?

नाना वाडीकर

सखाराम गणेश! हा आपला!

मोगरा७

नाना, नावावरून गाव ठरवू नका. बंगालीत लिहिणारे देऊस्करही सखाराम गणेशच होते, देवघरकडचे.

पेन्सिल

देऊस्कर मूळचे मराठीच की! असो. हे पंडित लॉस एंजेलिसला वकिली करत, १९१४ पासून अमेरिकन नागरिक. थिंद हरल्यावर सरकार पंडितांच्याच मागे लागलं. आता स्वतःच्या खटल्यात त्यांनी काय केलं? 'मी आर्य' हे रडगाणं लावलं नाही. म्हणाले, कोर्टाने सगळं तपासून मला नागरिक केलं, सरकारने तेव्हा अपील केलं नाही, मी त्या निकालावर विसंबून आयुष्य उभं केलं. नागरिकत्व गेलं तर माझी सनद जाईल, घर जाईल, आणि अमेरिकन बायकोचंही नागरिकत्व जाईल, कारण तेव्हाचा कायदा तसा होता. आता शब्द फिरवता येणार नाही. १९२६ ला अपील कोर्टात जिंकले, सुप्रीम कोर्टाने १९२७ मध्ये सरकारची याचिका ऐकायला नकार दिला, आणि ती सगळी मोहीम थंडावली. न्यूयॉर्क राज्यातल्या शेनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणारे शंकर लक्ष्मण गोखले यांचाही खटला वरपर्यंत गेला, तिथे शेवटी सरकारनेच माघार घेतली.

भीमथडी

हे मला माहीत नव्हतं. पंडितांना मानलं. मात्र लक्षात घ्या, जात सांगून हरले, आणि तुम्ही दिलेला शब्द पाळा म्हणून जिंकले.

शून्यएक

भीमथडी, घाई होतेय. पारशी भिकाजी बलसारा, मुंबईचे, कापसाचे व्यापारी, १९१० मध्ये 'गोरे' ठरूनच नागरिक झाले होते. आर्मेनियन लोक १९२५ मध्ये जिंकले, तेही 'आम्ही गोरे' म्हणूनच. तो युक्तिवाद चालायचा. थिंदच्या वेळी नाही चालला, इतकंच.

भीमथडी

मान्य. मग अजूनच वाईट.

लेक मिशिगन

थिंद यांचं पुढे काय झालं?

पेन्सिल

१९३५ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या शिपायांसाठी वेगळा कायदा झाला, कोणत्याही वंशाचे असोत. त्याखाली १९३६ ला नागरिक झाले, तिसऱ्यांदा. गोरे म्हणून नाही, शिपाई म्हणून. गावोगाव अध्यात्मावर व्याख्यानं दिली, १९६७ ला गेले.

मोगरा७

दलीपसिंग सौंद विसरू नका. बर्कलीचा गणिताचा पीएचडी, नोकरी कुणी देईना म्हणून इंपिरियल व्हॅलीत शेती. १९४९ ला नागरिक. १९५० मध्ये गावात न्यायाधीश म्हणून निवडून आले, तर नागरिक होऊन वर्ष झालं नाही म्हणून निवड रद्द. पुन्हा उभे राहिले, पुन्हा आले. १९५६ ला थेट अमेरिकन काँग्रेसमध्ये. आमच्या ग्रामपंचायतीपेक्षा कमी वेळ लागला.

ओसरीवरचा

मंडळी, १९ तारीख, रात्रीचे साडेअकरा. अपडेट.

लेकीने लेक मिशिगन मावशींशी फोनवर पाऊण तास गप्पा मारल्या (मावशी, आभार, तिने तुमच्या स्टोव्हबद्दलही विचारलं म्हणे). मग माझ्या आईला नाशिकला फोन. आजीने आधी सांगितलं, 'आमच्याकडे तसलं काही नव्हतं.' मग दहा मिनिटांनी आपणहून परत फोन करून पाणी वरून ओतायचे ते सांगितलं, आणि ओतणारी कोण होती तेही. आईच होती. वय नऊ.

निबंधात आता चार माणसं आहेत: सेलर, नर्सबाई, पंडित आणि आजी. थिंदला तिने एकच परिच्छेद दिलाय. शेवटी लिहिलंय की तो तिला आवडत नाही आणि त्याच्यावर अन्याय झाला, दोन्ही.

माझी अडचण पहिल्या वाक्याची आहे. निबंध सुरू होतो, "माझे बाबा भाकरी मोडत म्हणाले, आपला काय संबंध?" मी म्हटलं, हे काढ. ती नाही म्हणते. तुमचं काय मत?

भीमथडी

हात लावू नका त्या वाक्याला.

पेन्सिल

+१

शून्यएक

+१. आणि माझं नाव कुठे घातलं नाही ना?

नाना वाडीकर

इंग्रजीत भाकरीला काय लिहिलंय?

ओसरीवरचा

भाकरीच.